उपाशी जळवा

गंगापूर रोडवरच्या प्रयोगशाळेत जळवांचं काम योगिनीकडे होतं. जळू ज्या जनावराला चिकटते त्याचं रक्त तिच्या पोटात कित्येक आठवडे टिकतं. ते तपासलं की जंगलात कोण राहतं हे जनावर न पाहताही कळतं. सुरगाण्याच्या डोंगरातल्या जळवांनी आतापर्यंत भेकर, साळिंदर आणि एक खवले मांजर दाखवलं होतं.

रक्त किती दिवस टिकतं ते पाहायला मूठभर जळवा बरणीत जिवंत, उपाशी ठेवल्या होत्या. काचेवर तळवा टेकवला की उबेकडे सगळ्या वळायच्या. मासळी धुतलेल्या पाण्यासारखा वास, काचेवर बुळबुळीत रेघा. योगिनी नाकाला रुमाल लावूनच झाकण उघडायची.

तिला सहावा महिना होता. आधीची दोन राहिली नव्हती.

"वहिनी, ते किडे दुसऱ्या कुणाला दे ना," नणंद उज्वला फोनवर म्हणायची.

"हातमोजे असतात, ताई."

उपाशी जळवा दोऱ्यासारख्या बारीक व्हायला हव्या होत्या. या मात्र काळ्या द्राक्षांसारख्या टरारून फुगल्या होत्या.

"मयुरेश, यांना काय पाजतोयस?"

"माझं रक्त डासांनाच पुरत नाही, बाई," तिचा सहकारी हसला. त्याने काचेवर हात टेकवला. एकही हलली नाही. योगिनीने टेकवल्यावर सगळा गुंता तिच्या तळव्याशी गोळा झाला.

तिने एक चिरली. रक्त लालभडक होतं, हातमोज्यातूनही कोमट लागलं. तिने ते तपासायला लावलं.

रक्त माणसाचं निघालं, तेही बाईचं. चुकून आपलंच काही मिसळलं का, हे पाहायला मयुरेशने ते कर्मचाऱ्यांच्या डीएनए नमुन्यांशी ताडलं.

"तुझं नाही. पण बरोबर निम्मं तुझ्याशी जुळतंय. म्हणजे आई, नाहीतर मूल. काकू सुरगाण्याला गेल्या होत्या की काय?"

"आई वारली माझी."

"सॉरी. मग मूलच..." तो थांबला. त्याची नजर तिच्या पोटावर गेली आणि पटकन बाजूला झाली.

"नमुना खराब झालाय," योगिनी म्हणाली. तिने दुसरी जळू चिरली. उत्तर तेच आलं.

कालपासून बाळ हललं नव्हतं. डॉक्टर सोडले तर हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी दुपारी बोलावलं होतं. त्याआधी उरलेल्या जळवा मारून टाकाव्यात म्हणून ती अल्कोहोल घेऊन बरणीकडे गेली.

झाकण घट्ट होतं. जाळी धड होती. काचेवरच्या रेघा अजून ओल्या होत्या.

बरणी रिकामी होती.

दोघांनी टेबलाखाली पाहिलं, चपला झटकल्या. काही नाही.

योगिनी खुर्चीत टेकली. आणि पोटात हललं.

"हललं!" तिचे डोळे भरून आले. "मयुरेश, हललं रे!"

पुन्हा हललं, बरगडीखाली. त्याच वेळी ओटीपोटात. कुशीतही.

ती लाथ नव्हती. काहीतरी सावकाश ताणलं जात होतं, मग आखडत होतं.

तिने पोटावर तळवा ठेवला.

सगळ्या हालचाली त्याच्याकडे वळल्या.