बिचाऱ्या नवऱ्याची बायको

तो दुकानात शिरला तोच मुळी चाचपडत, आणि सरळ आरशासमोर उभा राहून म्हणाला, "चष्मा दुरुस्त करून मिळेल का?"

"मिळेल. पण मी इकडे आहे," काउंटरमागून ती म्हणाली.

वळून त्यानं चष्मा पुढे केला. एक दांडी मोडलेली, डाव्या काचेला चांदणीसारखा तडा. "स्वतःच बसलो त्याच्यावर. लिफ्ट दुरुस्त करतो मी. सातव्या मजल्यावरचं काम संपलं, समाधानानं टेकलो, आणि—"

तिला हसू आवरेना. भावाबरोबर ती हे दुकान चालवायची. डोळे तपासायचं काम तिचं. तिनं त्याला खुर्चीत बसवलं, भिंग बदलून विचारलं, "हे बरं की हे?"

"दोन्हींतून तुम्हीच दिसताय."

"समोर अक्षरांचा तक्ता आहे."

"आहे का? बघतो हं..."

तिनं मान वळवली खरी, पण कान तापले ते तापलेच.

नवा चष्मा चार दिवसांनी न्यायचा होता. तो दुसऱ्याच दिवशी हजर. मग स्क्रू ढिला झाला म्हणून आला, काच पुसायचं फडकं हरवलं म्हणून आला. तिसरं फडकं हरवलं तेव्हा वहिनी म्हणाली, "ह्याला चष्मा कमी आणि चष्मेवाली जास्त लागतेय!" ती वरवर रागावली आणि चौथं फडकं घडी घालून वेगळं ठेवलं.

वहिनीला जेवताना फोनवरचं मोठ्यानं वाचायची सवय. 'बिचारा नवरा' या टोपणनावानं कुणीतरी आपल्या बायकोचे किस्से लिहायचा, हजारो लोक वाचायचे, आणि वहिनी त्यातली पहिली. "ऐक गं! 'बायको माझ्या चष्म्यावर बसली. वर मलाच म्हणते, माझ्या खाली का ठेवलास? मग तीन तास रडली, आणि मन हलकं करायला सात पर्स घेऊन आली!' फोटोही टाकलाय मेल्यानं."

तिनं फोटो पाहिला. मोडकी दांडी. डावीकडे चांदणी.

हातातला घास तिनं परत ताटात ठेवला. म्हणजे... याचं लग्न झालंय?

दुपारी मागच्या खोलीत बसून तिनं सगळे किस्से वाचून काढले. एकशे बारा. बायको दोन तास आरसा सोडत नाही. बायकोला नकाशा कळत नाही. बायको बोलायला लागली की घड्याळ दमतं. आणि गंमत अशी, की तिला त्याचा राग यायच्याऐवजी त्या बाईचाच यायला लागला. एवढी बिनडोक, तरी हा तिच्यावर रोज लिहितो! आपल्यावर कुणी कधी दोन ओळी खरडल्या? अशी कितीशी सुंदर असेल... विचार करता करता ती आरशासमोर किती वेळ उभी होती, ते तिचं तिलाच कळलं नाही. कळलं तेव्हा जीभ चावून बाजूला झाली.

तो पुन्हा आला. "स्क्रू जरा—"

"दादा, गिऱ्हाईक बघ रे," म्हणत ती आत निघून गेली. पुढच्या खेपेलाही तेच. त्याच्या पुढच्याही.

शेवटी एकदा भाऊ बाहेर गेलेला असताना त्यानं तिला गाठलं. "माझं काय चुकलं?"

"बायकोला घेऊन या. डोळे तपासून देते. चष्म्यावर बसते म्हणजे बिचारीला दिसत नसणार."

तो कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही... ते वाचता?"

"एकशे बारा वाचले."

"म्हणजे सगळेच!" त्यानं डोक्याला हात लावला. "अहो, बायको नाहीये. नव्हतीच कधी."

"नव्हतीच? मग मी इतके दिवस कुणावर—"

"कुणावर काय?"

"काही नाही! खोटं कशाला लिहिता?"

तो स्टुलावर बसला. "पहिल्यांदा खरंच लिहिलं होतं. आईवर. बाबा गेले, तशी त्यांची हत्यारांची पिशवी तिनं खांद्याला लावली. लिफ्टचं काम मला तिनंच शिकवलंय. ते वाचलं अकरा जणांनी. त्यातल्या एकानं विचारलं, बाईनं दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये चढायचं कुणी? मग गंमत म्हणून एक बायको रडवली... हजारो हसले. मग रडवतच सुटलो."

"आई वाचतात?"

"वाचते. परवा म्हणाली, 'माझ्या हाताखाली वाढलास, आणि बायका तुला अशा दिसल्या होय रे?'"

"बरोबर बोलल्या," ती म्हणाली. आवाज मात्र तिचा मऊ झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी जेवता जेवता किंचाळलीच. 'बिचारा नवरा' अविवाहित निघाला होता. सगळे किस्से मनचे होते, बायका अशा नसतात हे मला घरातूनच माहीत होतं, तरी टाळ्यांसाठी लिहीत गेलो, असं त्यानं स्वतःच लिहून टाकलं होतं. वाचक तुटून पडले. कुणी लबाड म्हणालं, कुणी म्हणालं, 'कुठल्यातरी बाईनं वेसण घातली वाटतं!' निम्मे सोडून गेले. "छान करमणूक चालली होती," वहिनी हळहळली.

संध्याकाळी तो एक कागद घेऊन आला. "हे तुमच्याबद्दल आहे. हो म्हणालात तरच छापेन. नाहीतर फाडून टाका."

तिनं वाचलं. 'ती डोळे तपासते. भिंग बदलताना तिचा हात हलत नाही. हलतो तो मी. नापसंत गोष्ट ती तोंडावर सांगते. नसलेल्या एका बाईवर ती आठवडाभर जळत होती, असं मला वाटतं. माझा गैरसमज असेल, तर हे वाक्य खोडावं.'

तिनं पेन उचललं. तो चेहरा पाडून बुटांकडे बघू लागला. तिनं एकच शब्द खोडला, वर काहीतरी लिहिलं आणि कागद पुढे सरकवला.

'आठवडाभर'च्या जागी 'तीन आठवडे' आलं होतं.

"ही... अतिशयोक्ती तर नाही ना?" त्यानं चष्मा नाकावर सारखा करत विचारलं.

"उलट कमीच लिहिलंय," ती म्हणाली. "रोज समोर येऊन उभा राहायचास. तुला दिसत कसं नव्हतं रे?"