उष्टं

नोकरी लागल्यापासून मी उस्मानपुऱ्यात मुक्ताबाईंच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या बिघडलेल्या फ्रिजच्या तक्रारी ऐकायच्या, माफी मागायची. संध्याकाळी गॅलरीत बसून एकच विचार करायचो, आपल्याला नेमकं काय करायचंय? काही सुचत नसे.

मुक्ताबाई, मी त्यांना मावशी म्हणायचो, दुपारीच माझ्या खोलीत डबा ठेवून कुलूप लावायच्या. एकदा डबा उघडला तर भाकरीची कड चावलेली. दातांचे ठसे स्पष्ट, लाळ अजून ओली. उंदीर असेल म्हणून फेकून दिली. दुसऱ्या दिवशी वरणात शेपूचा चघळून थुंकलेला चोथा होता. दात घासायला गेलो तर ब्रशही ओला, त्याच्या केसांत हिरवा कण अडकलेला. मी मोरीत भडाभडा ओकलो.

"मावशी, माझ्या खोलीत कोण येतं?"

"कोण येणार देवेश? तूच की." त्या हसल्या. "आजकाल उन्हं असतानाच येतोस. लई गप्पा मारतोस. काल म्हणलास नाय का, गावी सोयगावला जाऊन सायकलीचं दुकान टाकायचंय?"

हे मी कुणालाच बोललो नव्हतो. स्वतःलाही नाही. पण ऐकताक्षणी कळलं, हेच ते. आनंद व्हायला हवा होता. मला किळस आली. मनातलंसुद्धा कुणीतरी आधी चावून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी काम सोडून आलो. दार उघडं होतं.

कॉटवर कुणीतरी पाठमोरं बसून जेवत होतं. मचमच आवाज येत होता. अंगात माझा निळा शर्ट.

त्यानं वळून पाहिलं नाही. फक्त हात मागं केला. हातात अर्धी चावलेली भाकरी होती, लाळेनं लिबलिबीत.

वास माझ्याच तोंडाचा होता.

आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

मी पळालो. छावणी भागात अभय नावाच्या मित्राकडे राहिलो. ऑफिसला गेलो नाही, सामानही आणलं नाही. चार-पाच दिवसांनी धीर करून सोयगावला फोन लावला. आईनं उचलला. मागं भांड्यांचा आवाज येत होता.

"आई, मी बोलतोय."

ती परक्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली,

"जरा थांबा हं. देवेश जेवायला बसलाय."