शून्य उणांक

त्या वर्षापासून राज्यातल्या प्रत्येक खो-खो प्रशिक्षकाच्या नावापुढे उणांक लागू लागला. उणांक म्हणजे, तो माणूस वजा केला तर संघाचं किती उणं होतं, तो आकडा. झालेला सामना संगणक घेई. मुलींचं पळणं, हुलकावण्या, नाडीचे ठोकेसुद्धा त्याला ठाऊक असत. मग प्रशिक्षकाला बाकावरून उठवून तोच सामना तो हजार वेळा खेळवून बघे. शंभर सामन्यांमागे जेवढे विजय कमी होत, तेवढा उणांक. पाचाच्या खाली आला, की प्रशिक्षक घरी.

कुपवाडच्या ऋतुजाबाई सदुसष्ट वर्षांच्या. बावीस वर्षं एकच मैदान, अकरा अजिंक्यपदं. त्यांचा निकाल घेऊन यंत्राचे जनक डॉक्टर केळुसकर स्वतः आले आणि चहाचा कप बशीत फिरवत बसले.

"बोला की हो. पोरगी नापास झाल्यासारखं तोंड केलंय."

"बाई, शून्य आलाय. तुम्ही असा-नसा, मुली तेवढेच सामने जिंकतात. तीनदा तपासलं मी."

बाईंचा चेहरा उजळला. मैदानाकडे वळून त्या ओरडल्या, "इरा, ए इरा! शून्य आला गं आपला!"

कर्णधार इरानं तिथूनच शिट्टी घातली. बाई डॉक्टरांकडे वळल्या.

"अहो, पहिल्या वर्षी पोरी प्रत्येक खो देताना माझ्या तोंडाकडं बघायच्या. मग मी मैदानाला पाठ करून बसायला लागले. सहा सामने हरलो. गाव म्हणालं, बाई चळली. सातव्याला सुमेधा खो न देता स्वतःच्या अकलेनं खांबापर्यंत धावली आणि गडी बाद केला. वेणी सुटली होती तिची, अजून दिसते मला. तुमचं यंत्र ती बावीस वर्षं वजा करतं का?"

"नाही. बाकावरचा माणूस काढता येतो. मुलींच्या अंगात मुरलेला नाही काढता येत." डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "बाई, एक करा. पुढच्या दोन सामन्यांत तुमच्या खुणेशिवाय खो द्यायचा नाही, असं मुलींना बजावा. तुमच्याविना त्यांचं अडलं पाहिजे. सहा-सात सहज येतील."

"म्हणजे माझा बाक टिकावा म्हणून पोरी पांगळ्या करू?"

बाई उठल्या. त्या दिवशी त्या ताठ मानेनं घरी गेल्या.

पुढच्या हंगामात त्या तिकीट काढून सामना बघायला बसल्या. नवा प्रशिक्षक राज्यात सर्वांत मोठ्या उणांकाचा होता, अकरा. शेवटच्या मिनिटाला पळणारी हाताच्या अंतरावर आली. इरा बसलेल्या मुलीच्या मागे पोचली, थबकली आणि तिनं बाकाकडे पाहिलं. प्रशिक्षकानं बोट उचललं. मगच तिनं खो दिला.

संघ एका गुणानं जिंकला. फलकावर प्रशिक्षकाचा उणांक तेरा झाला आणि सारं मैदान उभं राहिलं.

शेजारची बाई टाळ्या वाजवत ऋतुजाबाईंना म्हणाली, "बघितलंत? हा माणूस नसता, तर काय झालं असतं हो या पोरींचं!"