गोलाच्या पलीकडचं गाव

"ओ मॅडम, टाकीवर कोणाले इचारून चढल्या?"

खालून हाक आली, तेव्हा उंद्री गावातल्या मंजुश्रीच्या एका हातात वॉकीटॉकी होता आणि दुसऱ्यात वाऱ्यानं हेलकावणारा लांब अँटेना. हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबनं मेहकरजवळच्या टेकडीवर रिपीटर बसवला होता — दुबळा आवाज उचलून दूरवर फेकणारं यंत्र. तो कुठवर ऐकू जातो, हे बघत ती गावोगाव फिरत होती. क्लबचे अध्यक्ष उकंडराव अंदाजानं नकाशावर आवाजाच्या टप्प्याचा एक गोल काढून मोकळे झाले होते. सुलतानपूर त्या गोलाच्या बाहेर होतं... म्हणूनच ती इथं आली होती.

"कोणालेच नाही," ती वरून म्हणाली. "येऊन हे धरता, का नुसतेच वरडता?"

हाक मारणारा हर्षल वर आला. शेत त्याचं, टाकी त्याची; तरी सांगितलं तसा अँटेना धरून निमूट उभा राहिला. खरखर झाली आणि एकदम टेकडीवरचा आवाज लख्ख उमटला. ती हसली. हर्षल तिच्याकडे बघतच राहिला.

मग दर रविवारी त्याची मोटरसायकल तिच्या स्कूटीमागे निघू लागली. कुठल्या चढावर आवाज येतो, कुठल्या खोलगटात बुडतो, ते दोघं मिळून शोधायचे.

"इथं काहीच ऐकू येत नाही," एकदा ओढ्यात उतरल्यावर ती म्हणाली.

"मले येऊन राह्यलं ना..."

"काय?"

"तुमचं हसणं."

"मी कुठं हसली?" — आणि हसलीच.

ही बातमी गावात पसरायला रिपीटर लागला नाही. "बौद्धाची पोरगी या घरात येणार नाही!" हर्षलचे वडील निवृत्तीराव कडाडले. हर्षलनं ते मान खाली घालून तिला सांगितलं.

"आपण पुण्याले निघून जाऊ..."

"काऊन? चोरी केली का आपण?" तिचे डोळे चमकले. "मले तुम्ही पाहिजे, हर्षल. पण लपून नाही. समोरच्या दारानं येईन मी. हाय हिंमत?"

त्यानं मोटरसायकलला किक मारली. "बस मागं," तो म्हणाला. अहो-जाहो पहिल्यांदाच सुटलं होतं.

निवृत्तीराव ओसरीवर बसले होते. गल्लीतली दारं एकेक उघडली.

"पोरी, कोणाच्या घरी आली, माहीत हाय का तुले?"

मंजुश्रीनं चपला काढल्या. हर्षलचा हात हातात घेतला, गल्लीभर दिसेल असा.

"हाव. माह्याच घरी आली."

निवृत्तीरावांनी तोंड फिरवलं. आतून हर्षलची आई, गीताबाई, सतरंजी घेऊन बाहेर आली आणि तिनं ती ओसरीच्या मधोमध अंथरली.

"बस, बाई," नवऱ्याकडे न बघताच ती म्हणाली.