जीपमधली दहावी

काम साधंच होतं. सर्पदंशाची इंजेक्शनं शहरातून आणायची. वॉर्डातल्या मावशीला अंगणातलं गवत काढताना साप चावला, होती तेवढी इंजेक्शनं तिला देऊन सिस्टर रात्रीच निघाल्या होत्या. वीस वर्षं दोघींनी एकत्र पाळ्या केल्या होत्या. खाटेवरून मावशी म्हणाली होती, "लवकर या हं सिस्टर. मी कुठं जात नाही."

पहाटे पाचला बर्फाची पेटी मांडीवर घेऊन सिस्टर परतीच्या जीपमध्ये बसल्या. रस्ता कसला, नुसते खड्डे. हाडं खिळखिळी झाली, दातांखाली धूळ करकरायला लागली. नदीवर तराफ्यासाठी दोन तास गेले. पुढे दरड. प्रत्येक थांब्यानंतर ड्रायव्हर डोकी मोजायचा. एकदा तो कुणाच्या तरी सासऱ्याला ओढ्याकाठी विसरून आला होता, तेव्हापासूनची ही सवय. दर वेळी नऊच भरायचे.

दुपारी एकच्या सुमाराला टायर फुटलं. ते बदलून झाल्यावर त्यानं पुन्हा मोजलं.

"दहा?" तो पुटपुटला. "थांबा, परत मोजतो..."

"अहो, मोजत काय बसलात!" सिस्टर वैतागून म्हणाल्या. "कमी तर नाही ना कुणी? चला आता!"

जीप निघाली. सिस्टरांच्या शेजारी कुणीतरी दाटीवाटीनं बसलं होतं. मान वळवून बघायचंही त्राण त्यांच्यात नव्हतं. खांदा मात्र गार होता, त्या उन्हात बरा वाटला. फिनेलचा वास येत होता. आपल्याच साडीचा असेल, असं म्हणत त्यांनी त्या खांद्यावर डोकं टेकलं आणि त्यांना गाढ झोप लागली.

उन्हं कलताना दवाखाना आला. डॉक्टर पायरीवरच उभे होते. त्यांनी पेटीकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

"मावशी गेल्या, सिस्टर. एक वाजता."

सिस्टर मटकन पायरीवर बसल्या आणि पेटीवर डोकं ठेवून रडल्या. सगळी धडपड पाण्यात गेली होती.

थोड्या वेळानं ड्रायव्हर दबकत आला.

"सिस्टर... सगळे उतरले. तुमच्या शेजारच्या बाई तेवढ्या उतरत नाहीत."

"कोण बाई?"

"पोचलो म्हटलं, तर म्हणतात... सिस्टरांना औषध घेऊन येऊ दे, मी कुठं जात नाही."

सिस्टरांनी पेटी उचलली. बारा तासांच्या प्रवासात बर्फाचं केव्हाच पाणी व्हायला हवं होतं. आत तो अजून खडखडत होता.