बेदाण्यांचं ओझं

तिने बेदाण्यांची पिशवी खोक्यात टाकली, आणि पलीकडून आलेल्या एका हाताने ती अलगद उचलली.

"नकोत तुम्हाला?"

"नावसुद्धा काढू नका त्यांचं!"

हात आदल्या मुक्कामी ओळख झालेल्या चष्मेवाल्याचा होता. शहरात चष्म्यांचं दुकान, आणि स्वतःच्या चष्म्याची काडी मात्र दोऱ्याने बांधलेली! तिला हसू आवरेना.

त्या लांबलचक डोंगरवाटेवर प्रत्येक मुक्कामी असं एक खोकं असे. नको ते ठेवा, हवं ते न्या. वाटेत दुकानं नव्हती, म्हणून चालणारे आपला शिधा डब्यांत भरून आधीच पुढच्या मुक्कामांवर पाठवत. तिने तर ते डबे महिनाभर खपून भरले होते. दवाखान्यातल्या रोग्यांचं जेवण ठरवणं हेच तिचं काम. घासाघासाचं माप डोक्यात पक्कं.

"अर्ध्यातून परत आलीस, तर पुन्हा डोंगराचं नाव काढायचं नाही," बाबांनी बजावलं होतं.

"कबूल!" ती म्हणाली होती.

बेदाणे हलके, टिकाऊ, ताकदीचे, म्हणून तिने ते प्रत्येक डब्यात घातले... आणि आठवड्याभरातच ते तिला डोळ्यांसमोर नकोसे झाले.

पुढच्या मुक्कामी तिने पिशवी टाकली, त्याने उचलली. त्याच्या पुढच्या मुक्कामीही तेच.

"इतके बेदाणे खाऊन पोट नाही दुखत?"

"दुखलं तर दवाखान्यातलं माणूस आहेच की सोबत."

"सोबत? कोण कुणाच्या सोबत?"

"वाटच एक आहे... त्याला मी काय करू?"

मग धुक्यात त्याच्या बुटाची सुटलेली टाच फटफट वाजत राहिली, आणि ती उगाचच हळू चालू लागली.

पण चालून चालून भूक राक्षसासारखी वाढली. शेवटच्या मुक्कामी तिने डबा उघडला आणि मटकन खालीच बसली. पुढे चार दिवसांची चढण, आणि डब्यात जेमतेम दोन दिवसांचं!

"मी सगळं रोग्यांच्या मापाने भरलंय," ती पुटपुटली. "खाटेवर पडलेल्यांच्या!"

मुक्काम सांभाळणाऱ्या मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "पोरी, सकाळी खाली गाडी जाते. जा परत. त्यात कसला कमीपणा?"

तिचे डोळे भरून आले. चष्मेवाल्याने आपली पाठपिशवी उलटी केली. थप्... थप्... थप्... एकामागून एक तिच्याच पिशव्या पडल्या. तिनेच मारलेल्या गाठी, एकही सुटलेली नाही.

"एकही उघडली नाहीत?"

"मला बेदाणे आवडतच नाहीत. लहानपणापासून."

"अहो, मग हे ओझं एवढे डोंगर—"

"पिशवी उचलली की तुम्ही हसायचात," तो चष्मा पुसत म्हणाला. "ते हसू... चुकवायचं नव्हतं."

मावशींनी चुलीकडे तोंड फिरवलं. "गाडीवाल्याला सांगते हो, आमच्यासाठी थांबू नकोस म्हणून!"

चार दिवस दोघांनी तोंडं वेडीवाकडी करत मुठी मुठी बेदाणे खाल्ले. शेवटच्या माथ्यावर वारा अंगावर आला, आणि खाली... समुद्रच समुद्र!

"रडतेस?"

"लगेच एकेरीवर आलास?"

"बेदाणे माझे, हक्क माझा. आता घरापर्यंतही सोबत चालू?"

पिशवीतला शेवटचा बेदाणा तिने त्याच्या ओठांशी धरला. त्याने डोळे गच्च मिटले, आणि खाल्ला!

खाली गावात पोचताच तिने घरी फोन लावला.

"बाबा, पोचले! शेवटपर्यंत! आणि ऐका, येताना पाहुणा आणतेय. आईला सांगा, जेवायला काहीही कर... फक्त बेदाणे घालू नकोस."