शेवग्यावरचा मुका दयाळ

चैत्र लागला, आंब्याला कैऱ्या धरल्या, शेवग्याला शेंगा लोंबल्या. पण दयाळ काही गाईना.

नीरेकाठच्या त्या बागेत केतकी झाडांना आळी करत होती. मध्येच खुरपं थांबवून ती वर बघायची. दयाळ शेवग्यावरच असायचा. काळं अंग, पांढरं पोट, शेपटीची सारखी वर-खाली चाळवाचाळव. चोच उघडायचा आणि "चक्... चिर्र..." एवढंच. ना सुरुवात, ना शेवट.

केतकीनं आईला शब्द दिला होता. आई मंगळावरच्या तळावर होती, तांबड्या मातीत भाजी पिकवायला गेलेली. तिच्या निरोपात आलं होतं, "केतू, इथं सगळं आहे गं, पाखरू तेवढं नाही. आपला दयाळ गायला की मला पाठव हं."

"त्यात काय अवघड?" गोट्या म्हणाला. गोट्या म्हणजे बागकाम करणारा यंत्रमानव. "माझ्या पोटात दयाळाची कितीतरी गाणी आहेत."

त्यानं एक लावलं. सूर अगदी स्वच्छ, गोड. दयाळानं पाठ फिरवली आणि तो पंख साफ करत बसला.

"आजोबा, ह्याचा घसा बिघडलाय का?"

आजोबा पक्षिशास्त्रज्ञ. गेल्या वर्षी वादळात पडलेल्या घरट्यातलं ह्या दयाळाचं अंडं त्यांनीच उबवणयंत्रात (आईसारखी ऊब देणाऱ्या पेटीत) उबवलं होतं. ते म्हणाले, "घसा ठणठणीत आहे गं. त्याला गाणंच ठाऊक नाही."

"कोंबड्याला कुठं कुणी आरवायला शिकवतं?"

"कोंबड्याचं आरवणं उपजत (जन्मापासून अंगात असलेलं). गाणाऱ्या पाखरांचं तसं नसतं. ती आधी मोठ्यांचं ऐकतात. मग आपल्याशीच पुटपुटतात. चुकतात, पुन्हा ऐकतात, सुधारतात. तू बोबडं बोलत बोलत बोलायला शिकलीस ना, तसंच."

"मग गोट्याचं ऐकून शिकेल की!"

"गोट्याचं गाणं नुसतं वाजतं, बाळ. ह्यानं चक् म्हटलं तर ते थांबत नाही, वळून बघत नाही, उत्तर देत नाही. जिवंत गुरू समोर असला की पाखरू जास्त चांगलं शिकतं."

केतकीला ते लगेच कळलं. आईचा निरोप ऐकताना ती मध्येच म्हणायची, "आई, ऐक ना..." आणि आई आपली पुढंच बोलत राहायची.

"नदीकाठी एक म्हातारा दयाळ आहे," ती हळूच म्हणाली. "तो का येत नाही इकडे?"

"कशाला येईल? दयाळ जमिनीवर उतरून पाचोळ्यातले किडे टिपतो. इथं पाचोळा आहे कुठं?"

"खताच्या खड्ड्यात!" गोट्या ऐटीत म्हणाला. "केतकीताईंचा हुकूम होता, पाडव्याला बागेत एक पान दिसता कामा नये."

केतकीचे कान लाल झाले. गुढीसाठी बाग लख्ख करायची म्हणून तिनंच सारी पानं झाडून घेतली होती.

दोघांनी पाट्या भरभरून पाचोळा परत आणला. झाडांच्या बुडाशी आच्छादन (ओल धरून ठेवणारा पानांचा थर) केलं, पाणी शिंपलं. गोट्या कुरकुरला, "झाडायचं, मग पसरायचं! माणसांचं डोकं मला कळत नाही." ओल्या पानांखाली हळूहळू किडे जमले, आणि एका सकाळी म्हातारा दयाळ उतरला.

पोट भरलं तसा तो आंब्याच्या शेंड्यावर बसून गाऊ लागला. काय तो गळा! पण शेवग्यावरच्या पोरानं "चक्" म्हणताच त्याच्या अंगावर धावला. पोर कुंपणात दडलं. केतकीनं ढेकूळ उचललं.

आजोबांनी तिचा हात धरला. "थांब. त्याचं गाणं म्हणजे 'ही बाग माझी' अशी दवंडी आहे. भांडू दे त्यांना." आणि ते गुणगुणले,

"पाखराच्या कंठी सूर
कुणी घातला, सांग बाई?
शेजारच्या वैऱ्यानं गं,
मोल त्याचं घेतलं नाही."

कुंपणात पोराचा गळा थरथरत होता. चोच मिटलेली, आवाज पानाच्या सळसळीएवढा. पण त्यात आता तीन सूर एकामागून एक होते.

आंब्यावर म्हातारा पुन्हा गात होता. केतकीनं दोघांचे आवाज ध्वनिमुद्रित केले.

"पोराच्या सुरांत चुका आहेत," गोट्या म्हणाला. "दुरुस्त करून पाठवू?"

"हात लावू नकोस!"

मग ती आईशी बोलली. "आई, मोठ्यानं गातोय तो नदीकाठचा. मागं पुटपुटतोय ना, तो आपला. अजून शिकतोय. पुढच्या चैत्रात तू घरी येशील, तेव्हा पुरतं गाईल बघ. ते मात्र मी पाठवणार नाही. इथंच बसून ऐकायचं."

निरोप निघाला. पोचायला अजून वेळ होता. केतकीनं झारी उचलली, आणि कुंपणातलं पोर पुन्हा पहिल्या सुरापासून सुरू झालं.